डच मतदारांवर संशोधन करायचंय? आधी प्रश्नावली वाचा

ऑगस्ट २०२३ मध्ये डच खासदार पीटर ओम्टझिख्ट यांनी एनएससी नावाचा पक्ष काढला. तीन महिन्यांनी, २२ नोव्हेंबरच्या निवडणुकीत, या पक्षाला १५० पैकी २० जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी तो सरकारात बसला. २९ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा निवडणूक झाली आणि एनएससीच्या पदरात एकही जागा पडली नाही. त्याच दोन निवडणुकांदरम्यान सीडीए हा ख्रिस्ती पक्ष ५ वरून १८ वर गेला आणि डी-६६ हा पक्ष ९ वरून २६ वर. आपल्याकडे असं झालं की टीव्हीवर 'लाट आली' म्हणून मोकळं होता येतं. संशोधकाला ती सोय नाही. मतं गेली कुठे, आली कुठून, मतदार जवळच्याच पक्षाकडे सरकला की थेट दुसऱ्या टोकाला गेला, हे दाखवून द्यावं लागतं.

मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि मग नेदरलँड्समध्ये मतदानवर्तनावर पीएचडी. गेली काही वर्षं पुणे, मुंबई, कोल्हापूर, पणजीहून मुलामुलींच्या मेल येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात: विषय कसा निवडू, डच येत नाही तर चालेल का, गणित कच्चं आहे, काय करू. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

पहिल्यांदा व्यवस्था समजून घ्या, कारण आपल्या सवयी इथे आड येतात. डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत आणि मतांच्या हिशेबासाठी सगळा देश म्हणजे एकच मतदारसंघ. १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे. किमान पाच टक्के मतं हवीत वगैरे अट नाही. एकूण मतांचा दीडशेवा हिस्सा मिळवा आणि सभागृहात या. २०२३ मध्ये हा हिस्सा सुमारे ७० हजार मतांचा होता. महाराष्ट्रात लोकसभेला एवढी मतं घेणाऱ्याची अनामत रक्कम जप्त होते! इथे त्याच मतांवर एक खासदार दिल्लीला, म्हणजे हेगला, जातो. म्हणून प्राण्यांच्या हक्कांसाठीचा पक्ष २००६ पासून संसदेत आहे, पेन्शनरांचा पक्ष येतो-जातो, आणि एसजीपी हा कट्टर प्रोटेस्टंटांचा पक्ष १९२५ पासून दर वेळी २ किंवा ३ जागा घेऊन शांतपणे बसलेला असतो. २०२१ मध्ये ३७ पक्ष रिंगणात होते, त्यातले १७ निवडून आले.

याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. भारतात शिकताना आपण 'मत वाया जाणं', दुरंगी-तिरंगी लढत, जागा आणि मतं यांच्यातली तफावत यांवर पुष्कळ वेळ घालवतो. इथे त्यातलं फारसं कामाला येत नाही. मतदाराला पक्ष बदलायला काहीच खर्च पडत नाही, त्यामुळे तो बदलतो. २०१७ मध्ये मजूर पक्ष ३८ वरून ९ वर आला. डच संसदेच्या इतिहासात एका पक्षाने एका निवडणुकीत इतक्या जागा कधी गमावल्या नव्हत्या.

पण हे नेहमीच असं नव्हतं, आणि इथे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याची नजर कामी येते. साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डच समाज कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी अशा उभ्या स्तंभांत विभागलेला होता. प्रत्येकाची शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळं, रेडिओ संस्था वेगळी, कामगार संघटना वेगळी, आणि अर्थात पक्षही ठरलेला. कॅथलिक घरात जन्मलात तर मत केव्हीपी या कॅथलिक पक्षाला. राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी १९६८ मध्ये या व्यवस्थेचं जे विश्लेषण केलं ते आजही पहिल्या सत्रात वाचावं लागतं. समाज तळात विभागलेला आणि वर नेते मात्र वाटाघाटी करून देश चालवतात, अशी ती मांडणी. याच लाइपहार्ट यांनी १९९६ मध्ये भारतीय लोकशाहीवरही तीच चौकट लावून लेख लिहिला. जात, पोटजात, शिक्षणसंस्था, पतपेढी, पक्ष ही साखळी ज्याने सातारा-सांगलीत पाहिली आहे, त्याला स्तंभव्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. माझ्या वर्गातल्या डच मुलांना मात्र ती आजी-आजोबांच्या गोष्टीसारखी वाटायची.

तीन मुख्य धार्मिक पक्षांना मिळून १९६३ मध्ये १५० पैकी ७६ जागा होत्या, म्हणजे चक्क बहुमत. १९७२ मध्ये तेच तिघे मिळून ४८ वर आले. नऊ वर्षांत! पुढे त्यांनी एकत्र येऊन सीडीए केला. कारणं अनेक सांगतात: चर्चला जाणं कमी झालं, टीव्हीने सगळ्यांना सगळं दाखवलं, शिक्षण वाढलं. कुठल्या कारणाला किती वजन द्यायचं यावर अजून वाद आहेत, आणि माझ्या मते चर्चचा हिस्सा सर्वांत मोठा आहे. बाकीची कारणं त्याच्यामागून चालत आली.

हा सगळा बदल आपल्याला आकड्यांत पाहता येतो, कारण हे लोक मोजत राहिले. १९७१ पासून जवळजवळ प्रत्येक संसदीय निवडणुकीला राष्ट्रीय मतदार अभ्यास झालेला आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतले राज्यशास्त्रज्ञ एका प्रतिष्ठानामार्फत तो चालवतात. निवडणुकीआधी एकदा आणि नंतर पुन्हा त्याच माणसांना प्रश्न विचारणं ही त्याची जुनी पद्धत. फायली संशोधनासाठी नोंदणी करून फुकट मिळतात. तुम्ही अजून पुण्यातच असाल तरी त्या आजच उतरवून घेऊ शकता, आणि घ्याच.

उतरवल्यावर काय करायचं? सगळे जण फाइल आर किंवा एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि धडाधड तक्ते काढतात. माझा आग्रह वेगळा आहे. आठवडाभर आकड्यांना हात लावू नका. प्रश्नावली वाचा. पहिल्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, सूचनांसकट. कुठला प्रश्न कुठल्या प्रश्नानंतर आला, उत्तराला किती पर्याय होते, 'माहीत नाही' हा पर्याय दाखवला होता की माणसाने स्वतःहून म्हटल्यावरच नोंदवला, मुलाखत घरी येऊन घेतली की माणसाने एकट्याने पडद्यावर भरली. हे वाचलं नाही तर पन्नास वर्षांच्या आलेखात जी उडी दिसते ती मतदाराची की प्रश्नाची, हेच कळत नाही.

याचं एक चांगलं उदाहरण मतदानाची टक्केवारी. १९७० पर्यंत डच नागरिकांना मतदान केंद्रावर हजर राहणं सक्तीचं होतं. १९६७ ला सुमारे ९५ टक्के लोक आले, सक्ती गेल्यावर १९७१ ला ७९ टक्के. आता ती टक्केवारी साधारण ७५ ते ८२ च्या दरम्यान फिरते. सर्वेक्षणात मात्र 'मत दिलंत का?' विचारलं की हो म्हणणारे यापेक्षा खूप जास्त निघतात. काही जण खोटं सांगतात हे खरं, पण दुसरं कारण मोठं आहे: ज्याला राजकारणात रस नाही तो मतदानालाही जात नाही आणि तुमचा फॉर्मही भरत नाही. शिवाय इथे दुसऱ्याला अधिकारपत्र देऊन आपलं मत टाकायला लावता येतं. त्या माणसाने 'मत दिलं' म्हणायचं की नाही? प्रश्नाची शब्दरचना हे ठरवते.

आता एक ओळ जवळून पाहू. १९८० च्या दशकात केस फान डर आइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच अभ्यासात एक साधा दिसणारा प्रश्न रुळवला: 'तुम्ही या पक्षाला कधी ना कधी मत देण्याची शक्यता किती?' प्रत्येक पक्षासाठी वेगळा आकडा, दहापर्यंतच्या मोजपट्टीवर. समजा फायलीत एका बाईंची ओळ अशी आहे: ग्रीन लेफ्ट ८, मजूर पक्ष ८, डी-६६ ७, सीडीए ४, व्हीव्हीडी २, पीव्हीव्ही १. यातले पहिले तीन पक्ष डावे किंवा मध्यममार्गी, शेवटचे दोन उजवे. या बाईंनी २०१२ ला मजूर पक्षाला, २०१७ ला ग्रीन लेफ्टला आणि २०२१ ला डी-६६ ला मत दिलं असेल तर निवडणूक निकालात त्या दोनदा 'पक्ष बदललेल्या' दिसतात. पण या ओळीकडे बघा: त्या जागच्या हललेल्याच नाहीत. बाजारात रोज वेगळी भाजी घेणारा माणूसही तीन-चार भाज्यांतच फिरत असतो, शेपू काही घरी येत नाही. डच मतदाराची चंचलता बहुतांशी या जातीची आहे. पक्ष बदलतो, गट बदलत नाही. म्हणूनच 'तुम्ही कोणाला मत दिलं' एवढाच एक प्रश्न विचारून जो प्रबंध उभा राहतो त्यावर माझा विश्वास बसत नाही.

अर्थात या नियमाला अपवाद आहेत आणि मजा तिथेच आहे. २००२ मध्ये पिम फोर्टाउन या स्थलांतराला विरोध करणाऱ्या नेत्याचा ६ मे ला खून झाला, नऊ दिवसांनी मतदान झालं आणि त्यांच्या नव्या पक्षाला २६ जागा मिळाल्या. त्यानंतर स्थलांतर, इस्लाम, युरोपीय संघ या प्रश्नांवरची एक वेगळी रेषा जुन्या डाव्या-उजव्या रेषेला छेदून गेली. आज शिक्षण हा मोठा भेदक घटक आहे. विद्यापीठात शिकलेले एकीकडे आणि आयटीआयसारखं व्यावसायिक शिक्षण घेतलेले दुसरीकडे, असं चित्र नकाशावरही दिसतं. नवख्या विद्यार्थ्याला या विषयात करण्यासारखं सर्वांत जास्त इथे शिल्लक आहे.

जनमत हा मतदानापेक्षा निसरडा विषय. इथल्या सामाजिक-सांस्कृतिक नियोजन संस्थेचे एके काळचे संचालक पाउल श्नाबेल यांनी डच लोकांची मनःस्थिती एका वाक्यात पकडली होती: माझं बरं चाललंय, आपलं मात्र वाईट चाललंय. ही संस्था २००८ पासून नियमितपणे लोकांना विचारत आली आहे की देश योग्य दिशेने चाललाय का. लोक स्वतःच्या आयुष्याला चांगले गुण देतात आणि देशाला नापास करतात. बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना अन्यायाने फसवे ठरवलं गेलं, त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. आणि दोनच महिन्यांनी त्याच पंतप्रधानांचा, मार्क रुटे यांचा, पक्ष व्हीव्हीडी पुन्हा पहिला आला. विश्वास आणि मत या दोन गोष्टी एकत्र बांधून चालणाऱ्यांनी हे प्रकरण नीट अभ्यासावं.

सार्वमताची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी. ६ एप्रिल २०१६ ला युक्रेनशी युरोपीय संघाच्या करारावर सल्लागार सार्वमत झालं. निकाल वैध ठरायला ३० टक्के मतदान हवं होतं. झालं ३२ टक्के, आणि त्यातले ६१ टक्के विरोधात. आता कराराच्या बाजूच्या माणसाने काय करावं? जाऊन 'हो' म्हणावं, तर टक्केवारी वाढून विरोधकांचाच निकाल वैध होण्याचा धोका. घरी बसावं, तर बाजू हरायची. किती तरी समर्थक मुद्दाम घरी बसले. म्हणजे इथे न दिलेलं मतही मत होतं, आणि ते मोजायचं तर पुन्हा प्रश्न नीट विचारावा लागतो. पुढे २०१८ मध्ये सल्लागार सार्वमताचा तो कायदाच रद्द झाला.

मतचाचण्यांबद्दल थोडक्यात. हजार जणांच्या नमुन्यात २० टक्क्यांच्या पक्षाला अडीच टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, म्हणजे जवळजवळ ४ जागा. वर्तमानपत्रात 'एक जागा घसरली' अशी बातमी आली की हसून सोडून द्या. लायडनचे टॉम लाउवर्से वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्या एकत्र करून जो अंदाज मांडतात तो पाहा, त्यात जागांची कक्षा दिलेली असते. तरीही शेवटच्या दिवसांत ठरवणारे इतके असतात की २०२३ मध्ये गीर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्हीला ३७ जागा मिळतील असं शेवटच्या चाचण्यांवरून कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट डच मतदार करतो: स्टेमवायझर भरतो. साधारण तीस विधानांवर सहमत की असहमत सांगायचं, मग तुमच्या मतांच्या जवळचा पक्ष कोणता ते कळतं. १९८९ मध्ये हे कागदावर सुरू झालं, आता लाखो लोक वापरतात. मत ठरवायला यंत्राला विचारणं आपल्याला गमतीचं वाटेल, पण पंचवीस-तीस पक्षांतून निवडायचं म्हटल्यावर माणूस करणार काय?

निवडणुकीच्या रात्री मतमोजणी पाहायला जरूर जा. ती सगळ्यांना खुली असते, आणि बहुतेक ठिकाणी मतदान केंद्रातच होते. शाळेच्या व्यायामशाळेत रात्री नऊला दार बंद झालं की पेट्या रिकाम्या करतात. मतपत्रिका उघडली की टेबल झाकून टाकते. प्रत्येक पक्षाचा एक स्तंभ आणि त्यात उमेदवारांची नावं, प्रत्येक नावाशेजारी पांढरं वर्तुळ. त्यातलं एकच लाल पेन्सिलीने रंगवायचं. मोजणाऱ्यांचा अर्धा वेळ घड्या उलगडण्यात जातो. आधी पक्षवार गठ्ठे, मग प्रत्येक गठ्ठ्यातून उमेदवारवार. गठ्ठ्याकडे लक्ष देऊन पाहिलंत तर यादीत पहिल्या क्रमांकावर नसलेल्या, पण वरून पहिल्या बाईच्या नावापुढे बरीच वर्तुळं लाल दिसतात. मुद्दाम स्त्री उमेदवाराला मत देण्याची ही पद्धत इथे रुजलेली आहे आणि त्यावर स्वतंत्र संशोधन होतं.

हा देश एके काळी मतदान यंत्रं वापरत होता, हे सांगितलं की आपल्याकडचे लोक चमकतात. २००६ मध्ये काही तंत्रज्ञ कार्यकर्त्यांनी यंत्रांतल्या त्रुटी जाहीरपणे दाखवल्या आणि २००८ मध्ये सरकारने कागद-पेन्सिलीकडे परत जायचं ठरवलं. त्या मोहिमेतले रॉप गोंगग्राइप यांचं नाव २०१० मध्ये भारतीय ईव्हीएमच्या सुरक्षेवरील शोधनिबंधातही हरी प्रसाद आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांच्याबरोबर होतं.

भारतीय अनुभव इथे कमी लेखू नका. पुण्यात शिकताना मी सर्वेक्षणाच्या कामाला गावोगाव फिरले आहे. अंगणात बसवून चहा येतो, शेजारचे चार जण जमतात, प्रश्न सुनेला विचारावा आणि उत्तर सासऱ्यांनी द्यावं. म्हणून लोकनीती या भारतीय निवडणूक-सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासात मताचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. माणसाच्या हातात खोटी मतपत्रिका देतात आणि ती तो पेटीत टाकतो. सुहास पळशीकरांसारख्या मराठी अभ्यासकांनी या परंपरेत केलेलं काम डच प्राध्यापकांना सांगा, ते कान देऊन ऐकतात. कारण त्यांची अडचण उलटी आहे. लिस पॅनेल म्हणून टिलबर्गला एक मोठं ऑनलाइन पॅनेल आहे. त्यात स्वतःहून नाव नोंदवता येत नाही, लोकसंख्या नोंदवहीतून नमुना काढून घरं निवडतात आणि ज्या घरात संगणक नाही त्याला संगणक पुरवतात. उत्तर देणारा एकटा असतो, सासरे नसतात. पण तो फॉर्म वाचून भरतोय की जेवता जेवता टिचक्या मारतोय, हे दिसायला कुणी समोरही नसतं.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. कार्यालयात, चर्चासत्रात इंग्रजी चालते, प्रबंधही इंग्रजीत. पण मुक्त उत्तरं डचमध्ये असतात. 'देशापुढची सर्वांत मोठी समस्या कोणती' याला लोक आपल्या शब्दांत उत्तर देतात आणि भाषांतर यंत्र त्यातला टोमणा गाळून टाकतं. पहिल्या वर्षात प्रश्नावली आणि वर्तमानपत्र वाचता येईल इतकी डच शिकाच. बोलायला वेळ लागेल, कारण तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. आपण डचमध्येच रेटत राहायचं.

गणिताची भीती फार बाळगू नका. प्रतिगमन (रिग्रेशन) म्हणजे काय, भारांकन (वेटिंग) का करतात, नमुन्यातली चूक कशी काढतात, एवढं पक्कं असू द्या. बाकी गरजेप्रमाणे शिकता येतं, उन्हाळी पद्धतिशास्त्र शाळा असतात.

इथे पीएचडी म्हणजे नोकरी: साधारण चार वर्षांचा करार, पगार, रजा, निवृत्तिवेतनाचा हप्ता. जागांची जाहिरात निघते आणि अर्ज त्या प्रकल्पासाठी करायचा असतो. 'मला लोकशाहीत रस आहे' या वाक्याने सुरू होणारे अर्ज पुढे जात नाहीत. एम.ए. साठी यायचं तर युरोपबाहेरच्यांना शुल्क भारी पडतं, त्यामुळे शिष्यवृत्तीचं आधी बघा आणि कर्ज काढून येणार असाल तर दोनदा हिशेब करा. सरकारी कपातीमुळे विद्यापीठातल्या जागा सध्या तंग आहेत. मार्गदर्शकांना 'सर' म्हणू नका, पहिल्या नावाने हाक मारायची. मला पहिले काही महिने तोंडात शब्दच यायचा नाही. आणि ते तुमच्या लिखाणावर सरळ 'हे पटत नाही' लिहितात. त्यात राग नसतो, तुम्हीही तसंच लिहावं अशी अपेक्षा असते.

शेवटी प्रबंधाचं जाहीर रक्षण असतं. झगे घातलेले प्राध्यापक, दोन्ही बाजूंना तुमचे दोन सोबती, आणि पाऊण तासाने दंडधारी येऊन लॅटिनमध्ये वेळ संपल्याचं पुकारतो. आई-बाबांना बोलवा, त्यांना हे लग्नासारखं वाटतं.

अर्जाआधी एक काम करा. १९७१ पासूनच्या फायलींतून एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ धर्म आणि मत. प्रत्येक वर्षी तो नेमका कसा विचारला ते कागदावर मांडा, मग आलेख काढा, आणि ज्या वर्षी प्रश्न बदलला त्या वर्षी रेषा तोडून दाखवा. दोन पानं होतील. अर्जासोबत तीच जोडा. आणि ॲम्स्टेल्वीन, आइंडहोव्हनमध्ये आधीच राहत असलेल्या मराठी मंडळींसाठी: सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं असेल तर डच पासपोर्ट नसतानाही तुम्हाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. दर चार वर्षांनी मार्चमध्ये ती होते. मतदानपत्र टपालाने आपोआप घरी येतं, नाव नोंदवायला कुठे जावं लागत नाही.